पदवीकडून मागे मोजत अकरावीचे विषय निवडा

महाराष्ट्रात पदवीचा विषय बारावीनंतर निवडायचा असतो असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात त्यातला अर्धा निर्णय दहावीच्या निकालानंतर, अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना होऊन जातो. म्हणून कामाला उलटीकडून सुरुवात करा. आवडू शकतील अशा तीन-चार पदव्या एका कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर तिला बारावीत कोणते विषय सक्तीचे आहेत ते मांडा. ही माहिती शिकवणीच्या जाहिरातीतून उचलू नका. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाची माहिती पुस्तिका किंवा विद्यापीठाचे पात्रता निकष उघडा, आणि तेही चालू वर्षाचे.

सगळ्यात जास्त दारे गणिताला धरून आहेत. गणित सोडले की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएमधले हवाई दल व नौदल, दिल्ली विद्यापीठातला अर्थशास्त्र ऑनर्स हे सगळे बंद होते. जीवशास्त्र सोडले की एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग जाते. बी. फार्म आणि बीएस्सी ॲग्री गणित आणि जीवशास्त्र अशा दोन्ही गटांतून मिळते. पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटी कोणत्याही शाखेतून देता येते, तिथे विज्ञानाचा आग्रह धरून काही मिळत नाही.

वाणिज्य शाखेत नेमकी चूक होते ती गणित की सचिवीय कार्यपद्धती (एसपी) या निवडीत. एसपी सोपा, गुण देणारा, म्हणून बरेच जण डोळे मिटून तोच घेतात. सीएला बारावीत गणित लागत नाही हे खरे, पण सीए फाउंडेशनमध्ये गणित, तर्कशक्ती आणि संख्याशास्त्राचा 100 गुणांचा पेपर आहे आणि त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पुढे संख्याशास्त्र, ॲक्चुअरी (विम्यातल्या जोखमीचा हिशेब) किंवा डेटा सायन्सकडे वळायची थोडी जरी शक्यता असेल तर गणित ठेवा.

विज्ञानात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र हे चारही विषय (पीसीएमबी) घेऊन निर्णय पुढे ढकलणे चालते, पण त्याची किंमत मोजावी लागते. चार विषयांची प्रात्यक्षिके, चार जर्नल्स, शिवाय एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत गणित आणि जीवशास्त्र अशा दोन गटांचे वेगवेगळे पेपर आणि वैद्यकीयसाठी नीट. हा मार्ग घ्यायचाच असेल तर दिवाळीपर्यंतची मुदत घाला, त्यानंतर तयारी एकाच गटाची. बायफोकल या व्यवसायाभिमुख पर्यायाचा हिशेब वेगळा आहे: कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा 200 गुणांचा विषय दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतो. जाणारा ऐच्छिक विषय बहुधा जीवशास्त्र असतो, हे फॉर्मवर सही करण्याआधी कळलेले बरे.

अकरावीच्या अर्जात एक पसंती म्हणजे कॉलेज, शाखा आणि माध्यम. विषयांची जोडी मात्र कॉलेजात गेल्यावर ठरते. विज्ञानाला गणिताऐवजी भूगोल हवा असेल किंवा वाणिज्यला गणित, तर ते त्या कॉलेजात खरोखर शिकवले जाते का, हे पसंतीक्रम भरण्यापूर्वी फोन करून विचारा. अनेक ठिकाणी तुकडीच नसते.

‘सगळे मार्ग खुले राहतात’ म्हणून विज्ञान घेण्याचा सल्ला अर्धवट आहे. विज्ञानातून कला-वाणिज्यकडे येता येते, उलट जाता येत नाही, एवढे त्यात खरे. पण बारावीला जेमतेम गुण पडले तर खुल्या मार्गांवरचे कट-ऑफ तुम्हाला अडवतात. झेपते का ते आधी तपासा. ई-बालभारतीवर अकरावीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत. दहावीच्या सुट्टीत गणिताचा त्रिकोणमिती आणि भौतिकशास्त्राचा गतीविषयक धडा शिकवणीशिवाय दोन आठवडे सोडवा. उत्तरे चुकली तरी हरकत नाही. चुकलेले गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावेसे वाटते का, ते बघा.

बारावीनंतर बीए, बीएस्सी, बीकॉमला जाणार असाल तर आता मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) आहेत. एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सिद्धांताचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास, आणि तीन वर्षांची पदवी 120 ते 132 श्रेयांकांची. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने शिकून दुसऱ्या वर्षी मेजर ठरवता येतो, काही ठिकाणी तो प्रवेशाच्या वेळीच लिहावा लागतो, विचारून घ्या. अभ्यासक्रम पाहताना तिसऱ्या वर्षाचा पाहा. पहिल्या सत्रात मुक्त ऐच्छिक, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य असे इतके काही असते की मेजरचा खरा चेहरा दिसत नाही. मानसशास्त्र घेणाऱ्यांना पुढे संख्याशास्त्र भेटते आणि धक्का बसतो.

विभागात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? प्रयोग स्वतः करता की पाहता? ऑन जॉब ट्रेनिंग कुठे मिळाले? मागच्या वर्षी पुरेशा नोंदणीअभावी एखादा मेजर बंद पडला का? शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात.

इंजिनिअरिंगच्या शाखांची नावे हल्ली झपाट्याने वाढली आहेत. कॉम्प्युटर आणि एआय-डेटा सायन्सचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून समान पेपरांवर खूण करा. बहुतेक पेपर सारखे निघाले तर शाखेच्या नावापेक्षा जुना, स्थिरावलेला विभाग निवडा. कट-ऑफ मात्र स्वतःच्या प्रवर्गाचा आणि ज्या फेरीत प्रवेश घेत आहात त्याच फेरीचा पाहा. पहिल्या फेरीचा खुला कट-ऑफ पाहून लोक उगाच हातातली शाखा सोडतात.

पैशाचा हिशेब शेवटी नको, यादीबरोबरच करा. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे, पण वसतिगृह, मेस आणि प्रवास खिशातूनच. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागत असल्यास नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी यांचे अर्ज अकरावीतच टाका. जून-जुलैत सेतू केंद्रावर झुंबड उडते आणि गुण असूनही कागदाअभावी जागा हातची जाते.