वेब डिझाइन एजन्सीने क्लायंटच्या फायद्यावर लक्ष कसं ठेवावं

साइट लाइव्ह झाली, सगळे खूश, आपल्या पोर्टफोलिओत दोन छान स्क्रीनशॉट लागले, आणि तीन महिन्यांनी क्लायंटचा फोन येतो, "साइट सुंदर झालीये हो, पण तिच्यातून काही येतच नाहीये." हा फोन मी स्वतः घेतलाय. एका फिजिओथेरपी क्लिनिकची साइट होती. शोधाशोध केल्यावर कळलं की फॉर्म चालू होता, लोक भरतही होते, पण सगळे मेल क्लिनिकच्या स्पॅम फोल्डरमध्ये जाऊन पडत होते. सगळ्यात जुना मेल साइट लाइव्ह झाल्याच्या दुसऱ्याच दिवसाचा, "गुडघा सुजलाय, या आठवड्यात वेळ मिळेल का?" त्या माणसाला कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. आम्ही रंग, फाँट, अ‍ॅनिमेशन यावर सहा आठवडे घालवले होते आणि फॉर्म टेस्ट केला होता तो आमच्याच मेल आयडीवर.

तेव्हापासून आमची कामाची पद्धत बदलली. ती जशी आहे तशी क्रमाने सांगतो, छोटी टीम असली तरी जमते.

पायरी १: कोटेशनच्या आधी एक वाक्य लिहून घ्या

क्लायंट येतो तेव्हा म्हणतो, साइट जुनी वाटते, नवी करायचीये. यावर लगेच पेजेस मोजायला बसू नका. त्यांना विचारा, "साइट लाइव्ह होऊन सहा महिने झालेत असं समजा, तेव्हा काय बदललेलं असेल तर तुम्हाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल?" आणि मग गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो. पहिलं उत्तर बहुतेक वेळा "प्रोफेशनल दिसायला हवं" असंच येतं, मग विचारायचं की तशी दिसल्यावर लोकांनी काय करावं असं वाटतं, आणि इथून खरं बोलणं सुरू होतं.

शेवटी एक वाक्य हाती आलं पाहिजे ज्यात माणूस आहे आणि त्याने करायची गोष्ट आहे. क्लिनिकचं काम आम्ही दुसऱ्यांदा हातात घेतलं तेव्हा वाक्य असं ठरलं: "पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटला मोबाइलवरून दोन मिनिटांत अपॉइंटमेंट मागता आली पाहिजे आणि त्याच दिवशी त्याला उत्तर मिळालं पाहिजे." बघा, यातला दुसरा भाग वेबसाइटचा नाहीच, क्लिनिकच्या माणसांचा आहे, पण तो नसेल तर पहिल्याचा काही उपयोग नाही. हे वाक्य प्रपोजलच्या सगळ्यात वर टाका. दोन-तीन उद्दिष्टं असतील तर त्यांचा क्रम क्लायंटकडूनच लावून घ्या. आणि बोलताना लक्षात आलं की यांना आत्ता साइटची गरजच नाहीये, आहे त्या साइटवर चार बदल पुरे आहेत, तर तसं सांगा. त्या महिन्यात काम कमी मिळेल, पण माणूस परत येतो हा माझा अनुभव आहे.

पायरी २: जुन्या साइटला हात लावायच्या आधी मोजून ठेवा

आधी काय होतं हे माहीतच नसेल तर नंतर सुधारलं की बिघडलं कसं कळणार? साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मागच्या १६ महिन्यांचा डेटा मिळतो, तो एक्सपोर्ट करून ठेवा. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये (साइटवर किती लोक आले, त्यांनी काय केलं ते मोजणारं टूल) डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशीलवार डेटा किती काळ ठेवायचा ते, सुरुवातीला २ महिन्यांवर असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन १४ महिने करा, हे अनेकांकडून राहूनच जातं आणि वर्षभरानंतर तुलना करायची म्हटली की एक्सप्लोरेशनमध्ये, म्हणजे त्यातल्या तपशीलवार रिपोर्टमध्ये, हातात काहीच नसतं.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त उपयोगी पडलंय ते म्हणजे जो माणूस फोन उचलतो त्याच्या शेजारी अर्धा दिवस बसणं. क्लिनिकच्या रिसेप्शनवर मी वही घेऊन बसलो होतो आणि लोक फोनवर जे विचारतील ते फक्त लिहीत गेलो. दुपारपर्यंत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले: जुने रिपोर्ट आणायचे का, पहिल्या वेळी किती वेळ लागतो, गाडी लावायला जागा आहे का. आमच्या त्या सुंदर साइटवर या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. नव्या होमपेजवर बॅनरच्या लगेच खाली आम्ही हीच तीन उत्तरं टाकली.

पायरी ३: मजकूर आधी, डिझाइन नंतर

डमी मजकुरावर केलेलं डिझाइन खरा मजकूर आला की मोडतं. आणि क्लायंट मजकूर लिहून देईल याची वाट बघत बसलात तर प्रोजेक्ट तिथेच अडकतो, कारण त्याला त्याचा धंदा चालवायचा असतो. त्यापेक्षा अर्धा-पाऊण तास बोला, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि तुम्हीच लिहा. माणूस बोलताना जे शब्द वापरतो ते त्याच्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा जवळपास नेहमीच चांगले असतात.

पायरी ४: "आवडलं का?" विचारणं बंद करा

ही पायरी सगळ्यात अवघड आहे कारण इथे आपला अहंकारही मध्ये येतो. डिझाइन दाखवून "कसं वाटतंय?" विचारलं की समोरचा आवडीनिवडीच सांगणार, तुम्ही विचारलंच ते. त्याऐवजी ठरलेलं वाक्य मोठ्याने वाचा, मग म्हणा, समजा मी नवा पेशंट आहे, आता मी काय करतो ते बघा, आणि एकेक स्क्रीन त्याच क्रमाने दाखवा. चर्चा आपोआप बदलते.

तरीही लोगो मोठा करा, वर फिरणारे आठ फोटो टाका असं येणारच. तोंड वाकडं करू नका, त्यामागची काळजी काय आहे ते विचारा. आठ फोटोंमागे बऱ्याचदा "आम्ही इतक्या गोष्टी करतो हे लोकांना कळणारच नाही" ही भीती असते, आणि ती भीती खरी असू शकते, फक्त तिचा उपाय स्लायडर नसतो, साधी सेवांची यादी पुरते. जी मागणी वाक्याला मदत करत नाही ती "नंतरची यादी" म्हणून वेगळ्या कागदावर तारखेसकट लिहा, म्हणजे क्लायंटला आपलं ऐकलं गेलं असं वाटतं आणि ठरलेल्या कामाचा स्कोपही वाढत नाही. रिव्हिजन किती आणि शेवटचा निर्णय कोणाचा हे आधीच लेखी ठेवा, तीन पार्टनर तीन मेल पाठवायला लागले की कुठलंही डिझाइन टिकत नाही.

आणि मग ते खऱ्या माणसांच्या हातात द्या. साइट वापरायला सोपी आहे का याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने २००० साली मांडलं होतं की पाच जणांबरोबर टेस्ट केली तरी बहुतेक अडचणी दिसून येतात. पेशंट आणि डॉक्टर असे वेगवेगळे गट असतील तर प्रत्येक गटातून माणसं घ्यावी लागतात, पण सुरुवातीला पाच पुरे. मोबाइल हातात द्या, "अपॉइंटमेंट मागा" एवढंच सांगा आणि तोंड मिटून बघा. आमच्याकडे एक आजी फोन लावायचा म्हणून फोनच्या चित्रावर परत परत बोट दाबत होत्या, ते नुसतं चित्र होतं, लिंक शेजारच्या नंबरवर होती. कितीही मीटिंगा घेतल्या असत्या तरी हे आम्हाला कळलं नसतं.

पायरी ५: वेग आणि वाचता येणं, दोन्ही कोटेशनमध्येच धरा

हे नंतर बघू म्हटलं की राहून जातं. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सप्रमाणे (पेज वापरायला किती चांगलं आहे ते मोजायची मापं) मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळाला पाहिजे आणि लोड होताना पेजवरच्या गोष्टी इकडेतिकडे सरकण्याचा आकडा (सीएलएस) ०.१ च्या आत हवा, आणि हे निदान ७५ टक्के भेटींमध्ये. आपल्या भारी लॅपटॉपवर लाइटहाउस या टेस्टिंग टूलचा स्कोअर बघून खूश होऊ नका, गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये मागच्या २८ दिवसांतला खऱ्या लोकांचा डेटा दिसतो तो बघा. (नवीन किंवा कमी ट्रॅफिकच्या साइटला तो मिळत नाही, मग साध्या फोनवर मोबाइल डेटा लावून स्वतः उघडून बघायचं.) फिकट राखाडी अक्षरं दिसायला छान असतात पण साध्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजीच्या (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम) एए पातळीला अक्षरं आणि मागचा रंग यांत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो, आणि २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत बटणासाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत. गुडघा दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला हेच लागतं.

पायरी ६: लाइव्हच्या दिवशी शेवटच्या टोकापर्यंत जा

फॉर्म भरा आणि तो क्लायंटच्या माणसाच्या इनबॉक्समध्ये दिसतोय हे त्याच्या शेजारी बसून किंवा कॉलवर बघा. डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग) नीट लावलेले नसतील तर सर्व्हरवरून जाणारे मेल स्पॅममध्ये जायची भीती असते, आमचं नेमकं तेच झालं होतं. त्याशिवाय प्रत्येक एन्क्वायरी साइटच्या डेटाबेसमध्येही सेव्ह होऊ द्या, म्हणजे मेल हरवला तरी माणूस हरवत नाही. जुन्या लिंकना ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे त्या उघडल्या की नवं पेज येतं, स्टेजिंगवरचा (लाइव्हच्या आधीची चाचणीची साइट) नोइंडेक्स, म्हणजे गूगलला ती दाखवू नको सांगणारी खूण, काढलाय ना ते बघा, आणि डोमेन क्लायंटच्याच नावावर आणि त्याच्याच मेलवर ठेवा. आपल्या नावावर डोमेन ठेवून क्लायंटला धरून ठेवणाऱ्या एजन्स्या मी पाहिल्यात आणि मला ते अजिबात पटत नाही.

पायरी ७: ३० आणि ९० दिवसांच्या मीटिंगा आधीच विकून ठेवा

कोटेशनमध्ये या दोन मीटिंगांचे तास धरा, नाहीतर टीम पुढच्या प्रोजेक्टमध्ये बुडते आणि मागे वळून बघायला कुणाला वेळ नसतो. रिपोर्ट एका पानाचा, साध्या भाषेत. सेशन्स (साइटला झालेल्या भेटी) वाढले, बाउन्स रेट (काहीच न करता लगेच परत जाणाऱ्यांचं प्रमाण) कमी झाला यातून क्लिनिक चालवणाऱ्याला काही कळत नाही. या महिन्यात किती जणांनी अपॉइंटमेंट मागितली, त्यातल्या किती जणांना त्याच दिवशी उत्तर गेलं, किती प्रत्यक्ष आले, हे तीन आकडे ठेवा. शेवटचे दोन क्लायंटकडूनच येतात, म्हणून ते लिहायला कोण बसणार हेही ठरवून घ्या. टीममध्येही शुक्रवारी पंधरा मिनिटं काढून प्रत्येक प्रोजेक्टचं वाक्य वाचतो आणि या आठवड्यातलं कुठलं काम त्याच्यासाठी होतं ते बोलतो, कधीकधी उत्तर "कुठलंच नाही" असं येतं आणि सोमवारचं काम बदलतं.

क्लिनिकच्या ९० दिवसांच्या मीटिंगला मी रिसेप्शनिस्ट ताईंनाही बोलवायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, गाडी लावायचं आता फारसं कुणी विचारत नाही, पण घरी करायचे व्यायाम व्हिडिओ कॉलवर दाखवाल का असं बरेच जण विचारायला लागलेत. डॉक्टरांनी तिथेच हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ते उत्तर होमपेजवर गेलं.