स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून गाय सुटत नाही

पशुवैद्यकीच्या पेपरापुरतं हर्पीस विषाणूंचं प्रकरण अवघड नाही. दुपदरी डीएनए, १६२ कॅप्सोमिअरचं (प्रथिनांच्या तुकड्यांचं) कवच, त्यावर टेग्युमेंट नावाचा प्रथिनांचा थर, बाहेर मेदाचं आवरण. एवढं तुम्हाला येतंच. मी चुकलो ते गोठ्यात.

इंटर्नशिपमध्ये एका दादांनी बाजारातून आणलेली गाभण गाय दाखवली. आयबीआरची, म्हणजे गुरांच्या नाक-श्वासनलिकेच्या हर्पीस आजाराची, शंका होती, म्हणून नाकाचा स्वॅब पीसीआरला, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला, पाठवला. निगेटिव्ह आला. रक्तही काढलं होतं, पण आता एलायझाचा, म्हणजे विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीचा, खर्च कशाला, म्हणून सीरमची (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाची) नळी फ्रीजमध्ये ठेवून दिली. "दादा, गाय निरोगी आहे, बांधा सगळ्यांत," असं मीच सांगितलं. गाय व्याली आणि आठवडाभरात तिच्या नाकातून पाणी गळायला लागलं. मग शेजारच्या दावणीतल्या दोन गायींना ताप, नाकपुड्या लालबुंद, दूध निम्म्यावर. त्यातली एक पुढे सहाव्या महिन्यात गाभडली. तेव्हा ती नळी तपासली. पॉझिटिव्ह. पहिल्याच दिवशी उत्तर माझ्या हातात होतं.

इथे थांबा आणि घाई करू नका. आयबीआरचा विषाणू, म्हणजे बीओएचव्ही-१, नाकाच्या अस्तरात वाढतो, तिथल्या चेतातंतूत शिरतो आणि तंतूतून वर सरकत ट्रायजेमिनल गँग्लिऑनमध्ये, म्हणजे कवटीतल्या चेतापेशींच्या पुंजक्यात, पोचतो. तिथे चेतापेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए वेटोळं करून पडून राहतो. नवे विषाणू बनत नाहीत, प्रथिनंही जवळजवळ नाहीत. त्यामुळे प्रतिकारशक्तीला तो दिसत नाही आणि नाकात काही नसल्याने स्वॅबलाही सापडत नाही. वीत, लांबचा प्रवास किंवा डेक्सामेथासोन (प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड), यांपैकी काही झालं की त्याच तंतूतून तो परत नाकात उतरतो. बऱ्याचदा गायीत एकही लक्षण दिसत नाही, तरी ती विषाणू सोडत असते.

स्वॅब फक्त आजचं सांगतो. सीरम सांगतं की विषाणूशी गाठ कधी पडली होती का. लस न दिलेली मोठी गाय पॉझिटिव्ह आली, तर ती जन्मभराची वाहक धरा. लहान वासरात मात्र चिकातून आलेल्या अँटिबॉडी फसवतात. आणि ताजी लागण असेल तर सीरमही सुरुवातीला निगेटिव्ह येतं, म्हणून नवी गाय वेगळी बांधून तीन-चार आठवड्यांनी दुसरा नमुना घ्या.

घोड्यांचा ईएचव्ही-१, डुकरांचा ऑजेस्की, मांजरांचा ऱ्हायनोट्रॅकायटिस, सगळीकडे हेच. हर्पीसच्या उपगटानुसार लपायची जागा बदलते: अल्फा बहुधा चेतापेशींत, गॅमा लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत. पण कोंबड्यांचा मॅरेक्स लिम्फोसाइटमध्ये लपतो, गाठी करतो, आणि जीनोमवरून अल्फातच बसतो. म्हणून पाठांतराच्या तक्त्यांवर माझा मुळीच विश्वास नाही. सीनियरच्या नोट्स झेरॉक्स करण्यापेक्षा, शवविच्छेदनात कवटी उघडून गँग्लिऑन कुठे असतं ते दाखवणारे सर शोधा. मला ते उशिरा भेटले.

घाबरू नका. एकदा ही सुप्तावस्था कळली की उरलेलं प्रकरण आपोआप लागतं. मलाही सगळं लागलं ते त्या गायीनंतरच. पण पॉझिटिव्ह गायीला सूज उतरावी म्हणून डेक्सा भरायला सिरिंज उचलाल, तेव्हा आधी शेजारच्या दावणीत गाभण किती आहेत ते विचारा. मी आता विचारतो. त्या दादांच्या गोठ्यात अजूनही जातो, आणि ती गाय आजही वेगळ्या खुंट्याला आहे.