सेल्फ फिरतो, पण गाडी घेत नाही: जुन्या डिझेल कॅम्परचं दुखणं शोधताना

आमची गाडी २००३ची टेम्पो ट्रॅव्हलर. आधी शाळेच्या मुलांची ने-आण करायची, आता तिच्या पोटात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी आहे. इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेलं, चार सिलिंडरचं साधं डिझेल. कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून कोड वाचायची सोय नाही. कान, नाक, डोळे आणि एक मल्टिमीटर एवढ्यावरच भागवायचं.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ड्रायव्हरने तक्रार सांगितली की बॉनेट उघडण्याआधी ते त्यालाच विचारायचे: गार असताना होतं की तापल्यावर? चढाला की सपाटीला? डिझेल कुठे भरलंस? शेवटचं काम काय झालं? मी हे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत आणि कॅम्परसाठी पाचवा जोडलाय: गाडीचं घर करताना कुणी कुठे काय जोडलं? आमच्या गाडीचं उत्तर या पाचव्यातच निघालं.

सकाळी गाडी चालू होत नसेल तर आधी सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, कसा फिरतो ते ऐका. जड, ओढल्यासारखा फिरत असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, आणि सेल्फ मारताना ते ९.६च्या खाली जाता कामा नयेत. बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड असेल तर मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे. कॅम्परमध्ये फ्रिज, पंखा आणि दिवे बऱ्याचदा याच बॅटरीवरून घेतलेले असतात, म्हणून ही तपासणी आधी.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन घेत नाही, तेव्हा मागे जाऊन सायलेन्सरकडे बघा. पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, ते पेटत नाहीये. मग संशय हिटर प्लगवर, म्हणजे गार इंजिन सुरू व्हावं म्हणून आतली हवा तापवणाऱ्या प्लगवर. प्लगची वायर सोडायची, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावायचा आणि टोक प्लगच्या माथ्याला टेकवायचं. दिवा लागला नाही तर तो प्लग गेला. चारही प्लग शाबूत असतील तर त्यांच्यापर्यंत करंट येतोय का, ते रिलेपासून, म्हणजे प्लगना करंट सोडणाऱ्या स्विचपासून, बघत या.

आणि धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचत नाहीये. आमच्याकडे हेच होतं. रोज सकाळी मिनिटभर सेल्फ मारावा लागे, खंबाटकीच्या चढाला गाडी झटके देई. एका गॅरेजने डिझेल फिल्टर बदलला, दुसऱ्याने सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून तपासले, तिसऱ्याने डिझेलचा पंप उतरवायला सांगितला. पंपाचा खर्च ऐकून मी वही काढली. तीन आठवड्यांच्या नोंदींमध्ये एक गोष्ट उठून दिसली: गाडी प्रवासात, सपाट जागी मुक्काम केला की बरी चालू व्हायची, घरी त्रास द्यायची. आमचं घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, अंगण उताराचं, आणि गाडी नेहमी तोंड वर करून उभी. म्हणजे रात्रभरात पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरत होतं, आणि ते उतरायला कुठून तरी हवा आत शिरत होती.

त्या रात्री गाडी उलटी, तोंड उताराकडे करून लावली आणि खाली टाकीपासून इंजिनपर्यंत वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी अर्ध्या चावीत चालू झाली. कागदावर रुपयाएवढा एक तेलकट डाग होता. बरोबर त्याच्यावर चासीच्या आतल्या बाजूला पितळेचा टी-जॉइंट. स्पितीच्या थंडीसाठी बसवलेल्या डिझेलच्या गरम हवेच्या हिटरला त्यातून डिझेल घेतलं होतं, आणि क्लिपखालची रबरी नळी तडकली होती. हात फिरवला तर बोट जेमतेम ओलं झालं. एवढ्याशा फटीतून हवा येत होती.

तुम्हाला खात्री करायची असेल तर फिल्टरच्या आधी डिझेलला चालणारी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन रेस करा. बुडबुड्यांची माळ दिसली तर तिथून मागे, टाकीकडे शोधत जा. काम झालं की प्रायमिंगचा हातपंप दाबून एअर काढायची. फिल्टरवरच्या स्क्रूतून फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. आम्ही हिटरला वेगळी पाच लिटरची टाकी दिली आणि टी कायमचा काढला.

सुरू झाल्यावर मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर साथ देत नसेल, तर आयडलिंगला एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करतात. ढिला केल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नका. तिथल्या दाबाने डिझेल कातडीच्या आत घुसतं, आणि घुसलं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर झटका. निळा धूर ऑइलचा.

घाटात तापमानाचा काटा वर चढला तर गाडी बाजूला घ्या आणि रेडिएटरची टोपी हाताला सोसेल इतकी गार होईपर्यंत ती उघडू नका. मग कूलंटची पातळी, फॅन बेल्टचा ताण आणि रेडिएटरची जाळी बघा. आमच्या जाळीत एकदा उसाच्या पाचटाचा थर निघाला होता. कूलंट सारखं कमी होतंय आणि गळती मात्र दिसत नाही, अशा वेळी डिपस्टिक काढून ऑइल दोन बोटांत चोळा. ते ताकासारखं पांढरट झालं असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. चालू इंजिनवर ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा, आणि गाडी टो करूनच न्या, गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी.