फ्लॅट आपला, जमीन भाडेपट्ट्याची: मुदत कशी वाढवून घ्याल?

रत्नागिरीत, अलिबागला किंवा मालवणात फ्लॅट घेताना समुद्र किती लांब आणि मे महिन्यात पाणी येतं का, एवढं आपण हमखास विचारतो. इमारतीखालची जमीन भाडेपट्ट्याची आहे हे मात्र बहुतेकांना फ्लॅट विकायला काढल्यावर कळतं. गिऱ्हाइकाची बँक पट्ट्याची उरलेली वर्षं मोजते आणि कर्जाला नाही म्हणते. म्हणून 10-12 वर्षं शिल्लक असतानाच कामाला लागा.

आधी मूळ पट्ट्याचा दस्त मिळवा. सोसायटीच्या कपाटातली पुसट झेरॉक्स नको, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. पट्टेदार (जमीन पट्ट्याने घेणारा) कोण, मुदत कोणत्या तारखेपासून, नूतनीकरणाचं कलम आहे का आणि त्यासाठी केव्हा कळवायचं, हे त्यात पाहा. पट्टेदार सोसायटी असेल तर एकट्या सभासदाला मुदत मागता येत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. पट्टा अजून बिल्डरच्याच नावावर असेल, तर आधी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर टाळत असला तरी जमिनीचा हक्क सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करावा लागेल.

ठरावाला आमच्याकडे मुहूर्त एकच, गणपती! निम्मे सभासद मुंबईला. चाकरमानी उतरले की गौरी-विसर्जनाच्या आत सभा लावा, नंतर माणूस सापडत नाही.

ठराव झाला की जमीनमालकाला पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र. कलमात 'मुदत संपण्यापूर्वी तीन महिने' असं असेल तर एक दिवसही उशीर नको. नूतनीकरणाच्या हक्कात वेळ काटेकोर पाळावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने कॅल्टेक्स कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. 'मालक भाडं घेतोय ना, मग कसली घाई' हा युक्तिवाद महागात पडतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मुदतीनंतर भाडं स्वीकारलं की राहण्यासाठीचा पट्टा महिन्या-महिन्याचा होतो, आणि तसा पट्टा 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो.

खरी दमछाक पुढे आहे. जमीन खासगी असेल तर ताजा सातबारा किंवा मिळकतपत्रिका (शहरी जमिनीचा उतारा) काढा आणि नावं मोजा. कोकणात पट्टा दिला असतो आजोबांनी, आणि आज उताऱ्यावर असतात वीस सहहिस्सेदार, काही गावात, काही डोंबिवलीत, एखादा दुबईत. त्यातले दोन भाऊ पायवाटेवरून बोलत नसतात. तरी सह्या सगळ्यांच्या लागतात, कारण एकाच्या सहीने पट्टा त्याच्या हिश्श्यापुरताच मिळतो. परदेशातल्या माणसाचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या, आणि ते महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

जमीन देवस्थानची, म्हणजे सार्वजनिक न्यासाची असेल, तर तीन वर्षांपेक्षा मोठ्या पट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. ट्रस्टींनी 'होऊन जाईल' म्हटलं तरी मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. सरकारी जमिनीसाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथे आणखी एक वाट आहे: ठरलेली रक्कम भरून जमीन भोगवटादार वर्ग-1, म्हणजे पूर्ण मालकी हक्काची, करून घेता येते, मग नूतनीकरणाचा प्रश्नच राहत नाही. दर आणि सवलतीची मुदत बदलत आली आहे, चालू आदेश तिथेच विचारा. परवडत असेल तर मी हीच वाट धरीन.

मालकाशी बोलताना भाड्यापेक्षा पुढच्या नूतनीकरणाच्या कलमावर जास्त जोर द्या. मात्र मुद्रांकाचा हिशेब आधी करा. राज्याच्या मुद्रांक कायद्यात 10 ते 29 वर्षांच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवर, त्याहून मोठ्याला 90 टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने शुल्क बसतं, आणि दस्तात लिहिलेला नूतनीकरणाचा काळही मुदतीत धरला जातो. म्हणजे 25 अधिक 25 वर्षं लिहिलीत की 90 टक्के. ही रक्कम फ्लॅटवार कशी वाटायची ते ठरावातच लिहून ठेवा.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवा आणि सूची दोन (नोंदणीचा उतारा) घ्या. मग सातबारा असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी), मिळकतपत्रिका असेल तर नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज द्या. सहहिस्सेदारांच्या नोटिशी निघून हरकतीची मुदत संपेपर्यंत दोन-चार खेपा धरूनच चला, आणि नव्या उताऱ्यावर मुदतीची तारीख बरोबर उतरली आहे का, ते खिडकीवरून हलण्याआधी वाचा.