दृढ ऊतींची स्लाइड फसते कुठे? या चुका टाळा

पेरू खाताना दाताखाली येणारी कचकच फक्त बियांची नसते. सालीकडचा गर चावला तरी ती जाणवते, कारण त्या गरात अश्मपेशींचे पुंजके असतात. लिग्निन हा कठीण पदार्थ साठून भिंती जाड झालेल्या या पेशी हा दृढ ऊतींचा, म्हणजे वनस्पतीला आधार देणाऱ्या ऊतींचा, एक प्रकार. दुसरा प्रकार लांबट, टोकांना निमुळत्या तंतूंचा. कोल्हापुरात या दोन्हींसाठी लांब जावं लागत नाही. पेरू कपिलतीर्थ मंडईत मिळतो आणि ऊस तर चारी बाजूंना उभा आहे. तरीही प्रात्यक्षिकात स्लाइड फसतात, आणि बहुतेकदा ठरावीक कारणांनी.

उसाचं बुडाकडचं जून कांडं घेऊ नका. त्याच्या सालीत दृढ ऊतींबरोबर सिलिकाही असते, त्यामुळे ब्लेड बोथट होतं आणि छेद जाड निघतो. म्हणून काहीजण थेट वाढ्यातला कोवळा भाग घेतात. तिथं भिंतींत लिग्निन पुरतं साठलेलंच नसतं, मग रंग चढणार कशाला? वाढ्याच्या खालचं, नुकतं भरू लागलेलं कांडं घ्या.

पेरूचा छेद घेण्यात वेळ घालवू नका. सालीलगतच्या गराचा अगदी छोटा कण काचपट्टीवर घ्या, दोन सुयांनी विसकटा, सॅफ्रानिन या लाल रंगाचा थेंब टाका, जादा रंग पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये बसवा. कव्हरस्लिप एका कडेने हळूहळू टेकवायची. धसकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुड्याची कड जाड आणि काळी दिसते, तिलाच पेशीभित्ती समजून आकृती काढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. बुडबुडा आतून कोरा असतो आणि कव्हरस्लिप हलकी दाबली की सरकतो किंवा आकार बदलतो. अश्मपेशीच्या भिंतीत मात्र मधल्या चिंचोळ्या पोकळीपासून बाहेर जाणाऱ्या बारीक, कधी फाटे फुटलेल्या खाचा दिसतात. फाइन फोकस थोडा मागेपुढे करून त्या शोधाच. ही खूण सापडली की शंका उरत नाही.

सगळाच छेद लाल झाला असेल तर रंग जास्त वेळ राहिला आहे. सौम्य अल्कोहोलने धुवा. लिग्निन नसलेल्या भिंतींचा रंग आधी उतरतो. पण उरलेलं प्रत्येक लाल म्हणजे दृढ ऊती नव्हे. जलवाहिन्यांच्या भिंतीतही लिग्निन असतं. उसाच्या छेदात मोठी पोकळ तोंडं जलवाहिन्यांची आणि त्या पुंजक्याभोवतीचं बारीक, जाड भिंतींच्या पेशींचं वेष्टन दृढ ऊतींचं. लाल फारसं दिसतच नसेल, तर नमुना कुठला आहे ते पाहा. जलपर्णीला पाणीच आधार देतं, तिच्या देठात दृढ ऊती फारच थोड्या असतात.

आकृतीला नावं देताना सर्वाधिक गुण जातात ते सूर्यफूल आणि मक्याच्या खोडात. सूर्यफुलात बाह्यत्वचेखालचा थर स्थूलकोन ऊतींचा असतो: जिवंत पेशी, कोपऱ्यांत जाडी, लिग्निन नाही. मक्यात त्याच जागी दृढ ऊती असतात आणि त्या पेशी पक्व झाल्यावर बहुधा मृत असतात. दोन्हीकडे एकच नाव लिहू नका.

आडव्या छेदात तंतूही गोलसर किंवा बहुकोनीच दिसतो. म्हणून तेवढ्यावर तंतू की अश्मपेशी हे ठरवू नका, उभा छेद घ्या. बांधावरच्या घायपाताचा वाख हातभर लांब असतो, पण तो धागा म्हणजे एक पेशी नाही. अनेक पेशी एकमेकींना चिकटून तो झालेला असतो. तागाचा धागा मीटरहून लांब निघतो, तर त्यातली एक पेशी साधारण 1 ते 5 मिलिमीटरची. कापसाला मात्र या यादीत घेऊ नका: तो बियांच्या त्वचेवरचा केस आहे, जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचा.

खात्रीच करायची असेल तर फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरा; लिग्निन गुलाबी-लाल होतं. हे शिक्षकांसमोरच करा आणि आम्लाची वाफ सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला लागू देऊ नका. रंग काही वेळाने फिकट होतो, त्यामुळे आकृती लगेच काढा.