एच-४ वरून एफ-१ : अमेरिकेतच राहून स्टेटस बदलताना

नवऱ्याच्या एच-१बी (नोकरीसाठीचं स्टेटस, म्हणजे अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जा) मुळे मी न्यू जर्सीत एच-४ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या स्टेटसवर, होते. आधी एक सांगते, एच-४ वर शिकायला मुभा आहेच. कॅम्पसवरची नोकरी आणि पदवीनंतरचं ओपीटी (शिकलेल्या विषयात काही काळ काम करायची परवानगी) हवं असेल तरच एफ-१ च्या, म्हणजे विद्यार्थी स्टेटसच्या, मागे लागा. नुसत्या पदवीसाठी हा खटाटोप कशाला?

कॉलेजकडून 'चेंज ऑफ स्टेटस' नोंदवलेला आय-२० (प्रवेशाचा अधिकृत दाखला) घ्या, ३५० डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) शुल्क भरा, मग स्टेटस बदलण्याचा आय-५३९ अर्ज. सोबत लग्नाचा दाखला, आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद), नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट. सासऱ्यांचे पैसे दाखवणार असाल तर त्यांच्या सहीचं पत्रही जोडा. अर्ज पोचेल त्या दिवशी आय-९४ ची मुदत शिल्लक हवी.

निकालाला महिने लागू शकतात. सत्र तोंडावर आलं तर डीएसओकडून (कॉलेजातला परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी) आय-२० ची तारीख पुढे ढकलून घ्या. एच-४ चालू असेपर्यंत वर्गात बसा, पण ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल तर पगाराचं काम मंजुरीनंतरच. आणि हो, या काळात भाचीचं लग्न असलं तरी भारतात जाऊ नका! देश सोडला की अर्ज सोडून दिला असं धरतात.

मंजुरी आली तरी पासपोर्टात एफ-१ चा व्हिसा नसतोच. तो पुढच्या भारतभेटीत वकिलातीतून घ्यायचा.