डीकोडर वाचत नाही? सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी हे करा

‘नो ॲकनॉलेज फ्रॉम लोकोमोटिव्ह’, म्हणजे इंजिनाकडून पोच नाही, आणि पुढे आकडा ३०८. मॉडेल रेल्वे कॉम्प्युटरला जोडायला बसलेला माणूस या ओळीपाशी हमखास अडतो. मीही अडलो होतो. पहिल्या पावसाळ्यात मी सॉफ्टवेअर तीनदा काढून तीनदा घातलं, केबल बदलली, शेवटी पुतण्याचा लॅपटॉप मागून आणला. दोष निघाला इंजिनाच्या चाकांवरच्या काळ्या थरात. म्हणून या लेखातला अर्ध्याहून जास्त भाग डीकोडर वाचायच्या त्या एका टप्प्यावर आहे, बाकीचं सोपं आहे.

फळीवर रूळ टाकलेले आहेत, इंजिनात डीसीसी (रुळांतूनच आकडी हुकूम पाठवायची पद्धत) डीकोडर, म्हणजे ते हुकूम ओळखून मोटर चालवणारी चकती, बसलेला आहे आणि सोल्डरिंगचं तुम्हाला वावडं नाही, एवढं धरून चालतो. माझा लेआउट एचओ मापाचा, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. तो गोव्यात फोंड्याच्या घरी हॉलमध्ये असतो आणि चवथीला उतरतो, कारण तेव्हा हॉल गणपतीचा आणि वर माटोळी, म्हणजे टांगलेल्या फळाफुलांची चौकट.

कमांड स्टेशन, म्हणजे कॉम्प्युटरचे हुकूम रुळांवर पाठवणारी पेटी, विकत घेतलं असेल तर हा परिच्छेद सोडा. आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड घेऊन डीसीसी-ईएक्स नावाचं कमांड स्टेशन घरीच करणार असाल तर एकच गोष्ट नीट ऐका. रुळांसाठी १४-१५ व्होल्टचा पुरवठा तुम्ही मोटर शील्डला देता. मूळ पद्धतीच्या शील्डवर तो व्ही-इनच्या (वीज आत घेणाऱ्या पिनच्या) जोडणीतून खालच्या आर्डुइनोतही शिरतो. शील्डच्या मागच्या बाजूला ‘व्ही-इन कनेक्ट’ लिहिलेली बारीक तांब्याची रेघ असते, ती ब्लेडने कापायची आणि कापली गेली की नाही ते मल्टिमीटरने बघायचं. व्हिडिओत पाहून ‘माझं तर न कापताच चालतं’ म्हणणारे भेटतील. चालतं, जळेपर्यंत. आर्डुइनोला वीज यूएसबीतून द्या.

आता जेएमआरआय. ‘जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस’, कॉम्प्युटरवरून मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स आणि रास्पबेरी पाय या सगळ्यांवर चालतं. आधी जावा घाला, मग हे. (याच प्रकल्पाच्या बॉब जेकबसन यांच्या खटल्यात २००८ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मान्य केलं, की मुक्त परवान्याच्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. खेळण्यातल्या रेल्वेवरून एवढा मोठा निकाल लागला, याची मला अजून गंमत वाटते.) जेएमआरआयमधलं डीकोडरप्रो उघडा, प्रेफरन्सेसमध्ये कमांड स्टेशन आणि पोर्ट निवडा. डीसीसी-ईएक्सचा वेग ११५२००. पोर्ट यादीत दिसतच नसेल तर स्वस्त मेगावर सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर घाला. लिनक्सवर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉग आउट करून परत या. झालं.

इथून पुढे कठीण भाग.

इंजिनाला पत्ता द्यायचा, वेग बांधायचा, तर डीकोडरमधले सीव्ही नावाचे कप्पे वाचावे आणि लिहावे लागतात. कारखान्यातून आलेल्या डीकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो. सॉफ्टवेअर विचारतं, ‘या कप्प्यात काय आहे?’ डीकोडरला तोंड नाही. तो उत्तर देतो मोटर क्षणभर ओढून. साधारण सहा मिलिसेकंद तो साठ मिलिअँपिअरने जास्त वीज खेचतो, आणि कमांड स्टेशन ती उसळी पाहून ‘होय’ समजतं. एक कप्पा वाचायला असे आठ-नऊ प्रश्न जातात. इंजिनाजवळ कान नेलात तर बारीक टिक् टिक् ऐकू येते, आणि इंजिन उचकी लागल्यासारखं केसाकेसाने पुढे सरकतं. शंभर कप्पे वाचायला लावून मी चहाला गेलो होतो. परत येतो तर इंजिन रुळाच्या टोकावरून खाली लटकलेलं. तेव्हापासून टोकाला स्पंजचा तुकडा ठेवतो.

हे एकदा कळलं की ३०८ चा अर्थही कळतो. उसळी आली नाही, किंवा आली पण रुळापर्यंत पोचली नाही. सॉफ्टवेअरचा त्यात काही संबंध नाही. मग क्रमाने बघायचं.

आधी चाकं. गोव्यात जून ते सप्टेंबर रूळ आठवड्यात काळे पडतात, वास्को-बायणेकडे खाऱ्या हवेने आणखी लवकर. माझ्याकडे त्यात चिऱ्याच्या भिंतीची तांबडी धूळ. सुती कापडाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रुळावर आडवी टाका, इंजिनाची एक बोगी पट्टीवर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून हाताने धरा आणि थोडा वेग द्या. पट्टीवर दोन काळ्या रेघा उमटतील. बोगी बदला. रेघा उमटायच्या थांबेपर्यंत हेच. द्राव भडकतो, तेव्हा ठिणगी आणि देवासमोरची समई लांब ठेवा. पॉलिश पेपर घासायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्या लेआउटवर जाऊन घासा. एकदा ओरखडे पडले की धूळ त्यातच बसते, आणि पुढच्या वेळी दुप्पट लवकर.

चाकं चकचकीत असूनही वाचत नसेल तर कीप-अलाइव्ह बघा. घाणेरड्या रुळावर इंजिन बंद पडू नये म्हणून लावलेला तो कपॅसिटर उसळी गिळून टाकतो. वाचताना तो सोडवून ठेवायचा. आवाजाचे काही डीकोडर चालू होतानाच इतकी वीज मागतात, की प्रोग्रॅमिंगची, म्हणजे कप्पे वाचायच्या-लिहायच्या वेळची, मर्यादित वीज त्यांना पुरत नाही. त्यांना मुख्य रुळावरून, त्यांच्या पत्त्यावर लिहायचं, वाचायच्या फंदात पडायचं नाही. आणि मोटरची तार सुटली असेल तर उत्तर येणारच नाही. हे मी सर्वात शेवटी तपासलं होतं. तुम्ही आधी तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रोग्रॅमिंगचा रूळ वेगळा ठेवा. अगदी वेगळा, चाळीस सेंटिमीटरचा तुकडा, वेगळ्या फळीवर, वेगळ्या दोन तारांनी प्रोग्रॅमिंगच्या टर्मिनलला जोडलेला. बरेच जण तो लेआउटचाच एक सायडिंग करतात, मध्ये प्लॅस्टिकचे जोड घालून. दिसायला छान. पण इंजिन त्या फटीवर उभं राहिलं की चाकांनीच दोन्ही बाजू जोडल्या जातात. मी त्याहून मोठा आचरटपणा केला होता. वेगळा रूळ नव्हताच, प्रोग्रॅमिंगच्या तारा मी सरळ मुख्य रुळाला लावल्या. प्रोग्रॅमिंगच्या तारांवरून लिहिताना कुठल्या इंजिनाला लिहायचं हे सांगता येत नाही, रुळावर जो जो डीकोडर असेल तो तो ऐकतो. पाच इंजिनं उभी होती. पाचांनाही एकच नंबर मिळाला. घरी पाहुणे आलेले, मी एका इंजिनाला वेग दिला आणि पाचही निघाली, त्यातली दोन एकमेकांकडे तोंड करून. मेव्हणे म्हणाले, ‘अरे वा, पॅरेड!’

पत्त्याबद्दल. आपल्याकडच्या खऱ्या इंजिनांचे नंबर पाच आकडी, डब्ल्यूडीजी-४ या डिझेल इंजिनाचे १२ हजारांपासून, डब्ल्यूएपी-७ या विजेच्या इंजिनाचे ३० हजारांपासून. डीसीसीचा पत्ता १०२३९ च्या वर जात नाही. तेव्हा शेवटचे चार आकडे घ्या. समजा १२३४५, तर पत्ता २३४५. डीकोडरप्रो तो स्वतःच सीव्ही १७ मध्ये २०१ आणि सीव्ही १८ मध्ये ४१ असा फोडून लिहितो. पण हाताने लिहिणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. पत्ता लिहिला, तरी इंजिन ३ वरच चालतं. कारण चार आकडी पत्ता वापरायचा हे सीव्ही २९ ला वेगळं सांगावं लागतं. तिथे ६ असेल तर ३२ मिळवून ३८ करा. अगदीच घोळ झाला तर बहुतेक डीकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं कारखान्यासारखं होतं आणि पत्ता परत ३.

वाचून-लिहून झालं की इंजिन रोस्टरमध्ये, म्हणजे डीकोडरप्रोच्या इंजिनांच्या यादीत, साठवा आणि मुख्य रुळावर न्या.

मुख्य रुळाबद्दल एकच आग्रह. दर तुकड्याला स्वतंत्र तार सोल्डर करा, खाली त्या सगळ्या जोडणारी जाड बसवायर. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटवर विसंबू नका, दोन पावसाळ्यांत त्या आतून गंजतात. मग स्टेनलेस स्टीलचं नाणं घेऊन लेआउटभर जागोजागी दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. कमांड स्टेशनने दर ठिकाणी ताबडतोब वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही तिथे तार कमी पडते आहे, आणि गाडी घसरली तर तिथेच काहीतरी वितळणार.

घाटाची हौस असणाऱ्यांसाठी थोडं. कुळे ते कॅसलरॉक ही चढण १:३७ ची. तीच ठेवायची तर दहा सेंटिमीटर वर जायला ३.७ मीटर फळी लागते. खऱ्या मालगाडीला तिथे मागून बँकर इंजिनं लागतात, मॉडेललाही लावा, जेएमआरआयमध्ये कन्सिस्ट, म्हणजे एकत्र चालणाऱ्या इंजिनांचा गट, करता येतो. पण आधी दोन्ही इंजिनांचे वेग जुळवा आणि सीव्ही ३ आणि ४ (वेग हळूहळू चढायचे-उतरायचे कप्पे) शून्य करा. मागचं इंजिन आधी उठलं तर वळणावर मधले रिकामे वॅगन दुधसागरसारखे खाली कोसळतात.

मोबाइलवरून चालवायचं असेल तर डीकोडरप्रोमध्ये वायथ्रॉटल सर्व्हर सुरू करा, पोर्ट १२०९०. अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर हे ॲप घ्या. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत. ब्राउझरमधून पॅनेल पाहायचं तर पोर्ट १२०८०.

कॉम्प्युटर आणि कमांड स्टेशन दोन्ही यूपीएसवर लावा. लिहिता लिहिता वीज गेली आणि माझा एक डीकोडर असा गोंधळला, की सीव्ही ८ वाला उपाय करावा लागला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालण्याआधी आणि चवथीला लेआउट उतरवण्याआधी रोस्टरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. माझा पेनड्राइव्ह हळदीकुंकवाच्या डब्यात असतो. तिथे तो कोणी हलवत नाही.